राजकृत्य आणि राणीची फिर्याद

तंजावराहून कुंभकोणास जाणाऱ्या रस्त्यावर, भाताच्या खाचरांच्या मधोमध, पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. रेल्वेची मुख्य वाटही ह्याच गावावरून जाते, परंतु आपल्याकडील यात्रेकरू बृहदीश्वराचे शिखर आणि सरस्वती महालातील पोथ्या पाहून परत फिरतात आणि पापनाशम त्यांच्या वाटेवर असूनही पाहावयाचे राहून जाते. तेथे रामलिंगस्वामीचे देवालय आहे आणि त्यात एकशे आठ शिवलिंगे आहेत. स्थलपुराण असे सांगते की, लंकेहून परतणाऱ्या श्रीरामास खर-दूषणादिकांच्या वधाचा दोष पाठीशी लागल्यासारखा वाटू लागला. त्याच्या निरसनासाठी सीतेने वाळूची एकशे सात लिंगे घडविली आणि एकशे आठवे हनुमंताने काशीहून आणले. गावास पापनाशम हे नाव ह्यावरून पडले, असे तेथील लोक मानतात.

पुराणकथेस इतिहास समजण्याची चूक आम्ही करणार नाही. पण कथेतला विचार नजरेआड करण्यासारखा नाही. खर-दूषणांचा वध ही काही खासगी सूडाची गोष्ट नव्हती. ऋषींच्या रक्षणासाठी क्षत्रियाने केलेले ते कर्तव्य होते, आणि तरीही कर्त्याच्या पाठीमागचा दोष सुटला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर ज्या अपराधास सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला सहस्र कार्षापण दंड सांगितला आहे. प्रत्यक्ष किती राजांकडून हा दंड वसूल झाला हे विचारणे अरसिकपणाचे होईल. तथापि, कृत्य राज्याच्या नावाने केले म्हणून कर्ता सुटतो, हे तत्त्व आपल्या शास्त्रकारांना मान्य नव्हते एवढे खरे.

ह्याच्या उलट तत्त्व ज्या खटल्यात अत्यंत स्पष्टपणे मांडले गेले, तो खटला पापनाशमपासून काही कोसांवर असलेल्या तंजावरच्या किल्ल्यातून निघाला. आणि फिर्याद करणारी स्त्री भोसल्यांच्या घरची सून होती. जगातील न्यायालयांत ज्या खटल्याचा दाखला आजही दिला जातो, त्याचे नाव आपल्या मराठी सुशिक्षितांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे, ही आम्हांस खेदाची गोष्ट वाटते. कोणत्याही राज्याचा अधिकारी आपल्या राज्याच्या नावाने जे करतो त्याबद्दल त्याला दुसऱ्याच्या कचेरीत खेचता येते काय, हा प्रश्न अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार चर्चिला जातो. त्याच्या मुळाशी जे दोन-चार जुने निकाल आहेत, त्यांत तंजावरच्या ह्या निकालाची गणना होते.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य हाती घेतले तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून थोडे अधिक काळ, तेथे मराठी गादी होती. परंतु ह्यातली शेवटची छप्पन वर्षे नावापुरतीच राज्याची. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी मुलकाचा सर्व कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. राजाला दरसाल एक लक्ष स्टार पगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा असे ठरले. किल्ला आणि त्याच्या भोवतालची थोडी जागा तेवढी राजाकडे राहिली. पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजांच्या वेळचे, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, एक प्रचंड धान्याचे कोठार अद्याप उभे आहे. त्यात तीन हजार कलम धान्य मावत असे. कावेरीच्या खोऱ्यात राज्य म्हणजे काय, ह्याचे उत्तर त्या कोठाराकडे पाहिले की मिळते: ज्याच्या कोठारात भात जातो त्याचे राज्य. १७९९ नंतर तो भात कंपनीचा झाला.

ह्या तहाने एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. पापनाशमचा शेतकरी कंपनीची प्रजा बनला. त्याच्या बांधाचा तंटा असो की मृत बापाच्या भांड्याकुंड्यांचा, त्याला कंपनीने स्थापिलेल्या न्यायालयाचे दार ठोठावता येत होते. किल्ल्यात राहणारा राजा मात्र कायद्याच्या दृष्टीने राजाच राहिला. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, मुलूख नव्हता, परराज्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार करण्याची मुभा नव्हती. पण पदवी होती, दरबार होता, रेसिडेंटाशी बोलण्याचा रिवाज होता. सरफोजीराजांनी ह्या सक्तीच्या फुरसतीचे सोने केले. ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना घातला, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. १८३२ मध्ये त्यांच्यामागून शिवाजीराजे गादीवर आले. तालुक्यातल्या मेलट्टूर गावची भागवतमेळ्याची नाटके ह्या मराठी दरबाराच्या आश्रयाने वाढली, हे तेथील लोक आजही सांगतात. पदवी निव्वळ शोभेची आहे असेच सर्वांस वाटत होते. ती पुढे कोणत्या उपयोगास येणार आहे ह्याची कल्पना कोणास असणे शक्य नव्हते.

ऑक्टोबर १८५५ मध्ये शिवाजीराजे वारले. पुत्रसंतान नव्हते. मागे अनेक राण्या होत्या, त्यांत ज्येष्ठ कामाक्षीबाई साहेब. आणि मुली होत्या. साताऱ्याची, नागपूरची, झाशीची वाट कोणत्या नियमाने झाली हे वाचकांस सांगावयास नको. तंजावरास रेसिडेंट होते हेन्री फोर्ब्स. कन्येला वारस मानून गादी चालू ठेवावी असे त्यांचे प्रारंभीचे मत होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. परंतु लंडनच्या डायरेक्टरांनी, हिंदू राजाच्या मुलीला गादीवर हक्क सांगण्यास शास्त्राचा वा रूढीचा आधार नाही, असे ठरवून तंजावरची गादी संपल्याचे जाहीर केले. पुढली व्यवस्था करण्यासाठी कमिशनर म्हणून नेमणूक झाली ती ह्याच फोर्ब्स साहेबांची. ज्याने गादी राखण्याची शिफारस केली त्यालाच ती मोडण्याचे काम! सरकारी नोकरीत असा प्रसंग अनेकांवर येतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी नोकरीची दहा-पंधरा वर्षे काढली आहेत त्यांना फोर्ब्सच्या मनःस्थितीची कल्पना करणे अवघड जाणार नाही.

ऑक्टोबर १८५६ मध्ये फोर्ब्स साहेब पलटणीसह किल्ल्यात शिरले. राजवाड्यावर पहारे बसले, दालनांना आणि कोठड्यांना सरकारी मोहरा लागल्या. येथपर्यंत जे झाले त्यात तंजावरचे वैशिष्ट्य नाही. राज्य खालसा होताना सर्वत्र असेच झाले. वैशिष्ट्य पुढेच आहे. फोर्ब्स साहेबांनी राज्याच्या वस्तू आणि राजाच्या वस्तू असा भेद केलाच नाही. तोफा आणि दप्तरे राज्याची असतील. पण अंगावरचे जवाहीर, घरातली भांडी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जमिनी ह्या एका गृहस्थाच्या मालमत्ता होत्या, आणि गृहस्थ वारल्यावर त्या त्याच्या विधवांकडे जावयाच्या होत्या. हे सारे एकाच मोहरेखाली गेले.

कामाक्षीबाई साहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर फिर्याद लावली. जॉन ब्रूस नॉर्टन हा मद्रासचा नामांकित बॅरिस्टर त्यांच्या बाजूने उभा राहिला. हा मनुष्य केवळ फीसाठी बोलणारा नव्हता. १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्याने कंपनीच्या खालसा धोरणावर कोरडे ओढले आणि तंजावरचा प्रकार इंग्रज वाचकांपुढे मांडला. फिर्यादीतली मागणी मोठी समंजस होती. राणीसाहेबांनी राज्य परत मागितले नाही. गादीचा वाद काढला नाही. माझा नवरा हिंदू होता, तो निपुत्रिक वारला, त्याची खासगी स्थावर-जंगम मालमत्ता हिंदू कायद्याप्रमाणे त्याच्या विधवेकडे यावयास हवी, तेवढी मला द्या, इतकेच त्यांचे म्हणणे. मद्रासच्या न्यायाधीशांनी हे म्हणणे मान्य केले आणि निकाल राणीच्या बाजूने लागला.

राजघराण्यातली, पडद्याच्या रिवाजात वाढलेली एक विधवा, खुद्द कंपनी सरकारला न्यायालयात खेचते आणि जिंकते, ही घटना त्या काळात सामान्य नव्हती. आम्हांस ह्या निकालाचा मोठेपणा असा वाटतो की, न्यायाधीशांनी राजाच्या मुकुटाआडचा माणूस पाहिला.

कंपनीने प्रिव्ही कौन्सिलाकडे अपील केले. अपील चालू असता १८५७ चे रणकंदन होऊन गेले आणि १८५८ मध्ये खुद्द कंपनीचेच राज्य संपले. म्हणून १८५९ च्या निकालात राणीची प्रतिपक्षी कंपनी नाही. भारतमंत्री आणि त्याचे कौन्सिल आहे. ज्या संस्थेने कृत्य केले तिची सत्ता नाहीशी झाली होती, पण कृत्याभोवतीचे कवच मात्र वारसाहक्काने पुढे गेले. राणीला नाकारलेला वारसा भारतमंत्र्यास अडचणीवाचून मिळाला असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

निकाल लॉर्ड किंग्जडाऊन ह्यांनी दिला. त्यांनी प्रश्न अगदी थोडक्यात मांडला. जे घडले त्याचे खरे स्वरूप काय? ब्रिटिश सत्तेने शेजारच्या एका राज्याचा मुलूख व संपत्ती, कोणत्याही देशी कायद्याचा आधार न सांगता, केवळ आपल्या सत्तेच्या बळावर ताब्यात घेतली, असे ते होते काय? की मृत राजाची मालमत्ता कायद्याच्या काही एका हक्काने, खऱ्या वारसांसाठी राखून ठेवावी म्हणून हाती घेतली होती? दुसरे असेल तर न्यायालयाला चौकशी करता येईल. पहिले असेल तर येणार नाही. स्वतंत्र राज्यांचे परस्परांतले व्यवहार साध्या न्यायालयांच्या कायद्याने मोजले जात नाहीत, आणि त्यांत कोणावर अन्याय झाला असला तरी त्याची दाद देण्याचे साधन न्यायालयाजवळ नसते. कौन्सिलाने ठरविले की तंजावरास घडले ते पहिल्या प्रकारचे. इंग्रजीत ज्यास ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ म्हणतात आणि आपण राजकृत्य म्हणू, तसे ते कृत्य होते. ते न्याय्य होते की अन्याय्य, शहाणपणाचे होते की नव्हते, ह्यात शिरण्याचा अधिकार आपणास नाही असे सांगून कौन्सिलाने राणीची फिर्याद फेटाळली.

हा तर्क वाचकांनी क्षणभर थांबून पाहावा. सरकारने जर म्हटले असते की, हे जवाहीर अमुक कायद्याने आमचे आहे, तर न्यायाधीशांनी तो कायदा तपासला असता आणि कदाचित सरकार हरले असते. सरकारने कोणताही कायदा सांगितला नाही, केवळ बळ सांगितले, म्हणून ते सुरक्षित राहिले. दरोड्यास जितके कमी निमित्त तितके त्याचे संरक्षण अधिक! आमचे शब्द जरा तिखट झाले असतील. परंतु निकाल कितीही वेळा वाचला तरी त्यातून निराळा अर्थ काढणे आम्हांस साधलेले नाही.

त्यातच शिवाजीराजांच्या पदवीचा उपयोग दिसून येतो. जिवंतपणी छप्पन वर्षे कंपनीने तंजावरच्या राजांना पेन्शनर म्हणून वागविले. राजा मेल्यावर मात्र तो स्वतंत्र राजा होता हे न्यायालयात आग्रहाने प्रतिपादण्यात आले. कारण तो प्रजाजन ठरला असता तर त्याच्या घरातला तांब्यादेखील कायद्यावाचून उचलता आला नसता. पापनाशमच्या कुणब्याची विधवा आपल्या नवऱ्याच्या नांगरासाठी दावा लावू शकत होती, तंजावरच्या राजाची विधवा त्याच्या अंगठीसाठी लावू शकत नव्हती, आणि ह्याचे कारण तिचा नवरा राजा होता. ज्या सार्वभौमत्वाने त्याचे रक्षण करावयाचे त्याचीच ढाल करून त्याचे घर लुटणारा उभा राहिला.

आता फोर्ब्स साहेबांकडे वळू. खटल्यात असाही मुद्दा निघाला की, राजाची खासगी मालमत्ता घेण्याचा स्पष्ट हुकूम त्यांना होता काय? नसेल तर ते कृत्य राज्याचे न राहता एका अधिकाऱ्याचे ठरेल. कौन्सिलाने ह्याचे उत्तर असे दिले की, हुकूम आधी असो वा नसो, सरकारने मागाहून ते कृत्य आपले म्हणून स्वीकारले आहे, आणि मागाहून दिलेली मान्यता आधीच्या हुकुमाच्याच बरोबरीची. हे तत्त्व अकरा वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, ब्युरन विरुद्ध डेन्मन ह्या खटल्यात प्रस्थापित झाले होते. डेन्मन हा इंग्रजी आरमाराचा कप्तान. त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका स्पॅनिश व्यापाऱ्याच्या गुलामांच्या वखारी जाळल्या आणि गुलाम मुक्त केले. व्यापाऱ्याने लंडनला दावा लावला, सरकारने कप्तानाचे कृत्य पसंत केल्याचे सांगितले, कप्तान सुटला. गुलामांच्या वखारी जाळणाऱ्या कप्तानाबद्दल कोणाही सहृदय माणसाला कौतुकच वाटेल. पण त्याच्यासाठी घडविलेली ढाल राणीच्या जवाहिरावर मोहर लावणाऱ्या कमिशनरास तितकीच बरोबर बसली. ढालीला तिच्यामागे कोण उभा आहे हे दिसत नसते.

आज आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित ज्याला अधिकाऱ्याची कृत्यनिष्ठ उन्मुक्ती म्हणतात, तिचा गाभा हाच आहे. अधिकारी राज्याचा हात आहे. हाताने केलेले कृत्य धन्याचे. म्हणून हाताला पकडावयाचे नाही, आणि धनी स्वतः सार्वभौम असल्याने त्यालाही पकडता येत नाही. हाताकडे गेले की धन्याकडे बोट, धन्याकडे गेले की दार बंद.

हे दार सर्वांसाठी सारखेच बंद होते असे कोणी समजू नये. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केले तेव्हा त्यांचीही रीतसर चौकशी झाली नाही, आणि रंगो बापूजींनी त्यांच्यासाठी लंडनात वर्षानुवर्षे दारे ठोठावली ती व्यर्थ गेली. पण खरा बोलका प्रकार बडोद्याचा. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेयर ह्यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप आला आणि १८७५ मध्ये खुद्द मल्हारराव गायकवाडांवर चौकशी-कमिशन बसले. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी म्हटले, हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध मानला नाही. मते सारखी पडली, तरीही महाराजांना गैरकारभाराचे कारण दाखवून पदच्युत करून मद्रासेस पाठविण्यात आले. तंजावरचा राजा सार्वभौम म्हणून त्याच्या राणीला न्यायालय नाही. बडोद्याचा राजा गादीवर असताना त्याच्यावर मात्र चौकशी!

मणिपुरात १८९१ मध्ये तर उरलेला पडदाही गळून पडला. चीफ कमिशनर क्विंटन आणि त्यांचे साथीदार मारले गेल्यावर सेनापती टिकेंद्रजितांवर खटला चालला. मणिपूर हे स्वतंत्र राज्य आहे, त्याच्या सेनापतीचा न्याय ब्रिटिशांच्या खास न्यायालयाने करावयाचा नाही, असा मुद्दा मनमोहन घोष ह्यांनी त्यांच्या वतीने मांडला. तत्त्वतः तो लॉर्ड किंग्जडाऊन ह्यांच्या तर्काचाच भाऊ होता. टिकेंद्रजितांना १३ ऑगस्टला फाशी झाली आणि आठच दिवसांनी सरकारी गॅझेटात जाहीर झाले की, ब्रिटिश सरकार आणि त्याच्या अधिसत्तेखालील संस्थाने ह्यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागूच नाहीत. १८५९ मध्ये संस्थान ‘शेजारचे राज्य’ होते. १८९१ मध्ये ते तसे नव्हते. मधल्या बत्तीस वर्षांत कायदा बदलला नव्हता.

तंजावरच्या राण्यांचे पुढे काय झाले? न्यायालयाने जे हक्क म्हणून नाकारले ते सरकारने १८६२ मध्ये मेहेरबानी म्हणून दिले. खासगी मालमत्ता आणि मोकाशाच्या जमिनी राण्यांकडे परत आल्या. वहिवाट ज्येष्ठ राणीकडे. शिवाजीराजांची कन्या मुक्तांबाबाई ह्यांना ‘प्रिन्सेस ऑफ तांजोर’ हा किताब मिळाला. मग राण्या-राण्यांमध्येच दावे लागले, १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टाचा निकाल झाला, आणि राजवाड्याच्या इस्टेटीचे खटले विसाव्या शतकापर्यंत चालले. सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह १९१८ पासून सार्वजनिक झाला. तेथली मोडी दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकांनी त्या कागदांनीही एके काळी सरकारी मोहरेच्या सावलीत दिवस काढले असतील हे ध्यानात ठेवावे.

विलायतेतल्या न्यायाधीशांचा हा सिद्धांत विसाव्या शतकात डळमळू लागला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात जर्मन कैसरवर खटला भरण्याचे कलम घातले गेले. हॉलंडने त्यास स्वाधीन करण्याचे नाकारले आणि ते कागदावरच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर नुरेंबर्गच्या सनदेत मात्र स्वच्छ लिहिले गेले की, आरोपी राज्याचा प्रमुख होता वा अधिकारी होता ह्या सबबीवर तो सुटणार नाही. १९४६ च्या निकालात न्यायाधीशांनी राजकृत्याचा बचाव अमान्य केला. त्यांचे म्हणणे असे की, आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे माणसे करतात, राज्य नावाची निराकार वस्तू करीत नाही. किंग्जडाऊन ह्यांच्या निकालास सत्याऐंशी वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय. न्यायासनावर जेते बसले होते, हा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला, आणि तो पोकळ नाही.

त्यानंतर मार्ग सरळ झाला असे नव्हे. चिलीचे माजी अध्यक्ष पिनोशे ह्यांना १९९८ मध्ये लंडनात अटक झाली आणि पुढल्या वर्षी उमरावसभेच्या न्यायाधीशांनी ठरविले की, छळाच्या गुन्ह्यासाठी माजी राष्ट्रप्रमुखाची कृत्यनिष्ठ ढाल चालत नाही. परंतु २००२ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याविरुद्ध बेल्जियमने काढलेले पकड वॉरंट बेकायदा ठरविले. पदावर आहे तोवर परक्या न्यायालयाने त्याला स्पर्श करावयाचा नाही. १९९८ च्या रोम करारातून जे कायमचे फौजदारी न्यायालय उभे राहिले त्याने मात्र पदाचा बचाव मुळातच काढून टाकला. भारत त्या कराराचा सदस्य नाही.

आणि आपल्या घरी? स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली तेव्हा तंजावरची ढाल आपल्या सरकारच्या हाती आयती आली. १९५४ मध्ये, पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या व्हिव्हियन बोस ह्यांनी सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात सांगितले की, राज्यघटना झाल्यावर सरकारला स्वतःच्या नागरिकांविरुद्ध राजकृत्याचा बचाव घेता येणार नाही. चरखारी आणि सरीला संस्थानांतल्या जहागिरदारांना त्यामुळे न्याय मिळाला. आम्हांस हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण १९६४ मध्ये, गुजरातेतल्या एका जुन्या संस्थानातील जंगलाच्या मक्त्याविषयीच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या पीठाने बहुमताने तो बाजूस सारला. राणी कामाक्षीबाईंची हार अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या कायद्यातही उतरली.

फौजदारी बाजूस आपल्याकडे निराळी व्यवस्था आहे. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरावयाचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. जुन्या फौजदारी संहितेच्या १९७ व्या कलमातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या २१८ व्या कलमात आली असून, एकशे वीस दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी दिली असे समजावयाचे, ही त्यात नवी भर आहे. हे कवच सर्व नोकरांना आहे असा आमच्या अनेक बंधूंचा समज दिसतो. तो बरोबर नाही. ज्याला सरकारच्या मंजुरीवाचून नोकरीवरून काढता येत नाही त्यालाच ते लाभते. कारकुनाला खातेप्रमुख काढू शकतो, म्हणून कारकून उघडाच. मोहर लावण्याचा हुकूम देणाऱ्यास ढाल आहे. लाख तापवून मोहर उमटविणाऱ्यास नाही.

राजकृत्याचा प्रश्न भारताच्या दारी फौजदारी रूपात आला तो १५ फेब्रुवारी २०१२ रोजी, केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर. ‘एनरिका लेक्सी’ ह्या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी, समोरची होडी चाच्यांची समजून, केलेल्या गोळीबारात दोन कोळी ठार झाले. एक केरळचा, दुसरा तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातला. आपल्या पोलिसांनी नौसैनिकांना अटक केली. इटलीचे म्हणणे असे की, ते सरकारी कामावर होते, त्यांचे कृत्य ते राज्याचे कृत्य, भारतीय न्यायालयाने त्यांना हात लावू नये. वाद आठ वर्षे चालला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तीन विरुद्ध दोन मतांनी इटलीचे म्हणणे मान्य केले आणि खटला थांबविण्यास भारताला सांगितले. पण होडीच्या नौकानयन-स्वातंत्र्याचा भंग झाला म्हणून इटलीने भरपाई द्यावी असेही ठरविले.

येथे भारत राणीच्या जागी उभा होता. पूर्वी जो तर्क आपल्या राणीविरुद्ध वापरला गेला आणि पुढे आपल्या सरकारने आपल्याच नागरिकांविरुद्ध वापरला, तोच आता दोन कोळ्यांच्या घरच्यांपुढे आडवा आला. दहा कोटी रुपये ठरले. चार-चार कोटी मृतांच्या वारसांना, दोन कोटी होडीच्या मालकाला. रक्कम जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतातील खटला बंद केला. इटलीने आपल्या देशात चौकशी करण्याचे वचन लवादापुढे दिले होते. ती चौकशी झाली, आणि २०२२ च्या आरंभी रोमच्या न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून ते प्रकरण निकालात काढले.